ऊठ रे भिंगऱ्या

माझी जाऊ पडदे शिवते. मोठ्या रस्त्यावर फर्निचरच्या दुकानामागे एक लांबट खोली आहे, तिथे तीन मशिनं आणि एक कापायचं टेबल. त्या टेबलाशी उभी राहून ती गेली कित्येक वर्षं लोकांच्या खिडक्या झाकते. हे तिचंच बोलणं आहे. कुणी विचारलं, काय करता हो, की ती म्हणते, "लोकांच्या खिडक्या झाकते." मी औषधाच्या दुकानात काउंटरला असते. आम्ही एकाच घरात राहतो, ती खाली, मी वर, आणि मधल्या जिन्यावर दोघींचा अर्धा संसार पडलेला असतो. माझ्या चपला, तिचे कापडाचे गठ्ठे, रिकामे डबे. भांडण झालं तर त्या जिन्यावरच होतं आणि मिटतंही तिथेच.

ती मला "धाकटे" म्हणते, मी तिला "ताई". जावाजावांचं इतकं पटलेलं पाहिलं नाही, असं शेजारच्या बायका म्हणतात. पटतं बिटतं काही नाही. मी तापट आहे आणि ती ऐकून घेते, म्हणून भांडणाला दुसरी बाजूच मिळत नाही. माझे थोरले दीर लवकर गेले. ती आणि तिचा मुलगा असे दोघंच खाली राहायचे.

मुलाला सगळे भिंगऱ्या म्हणायचे. चालायला लागल्यापासून तो एका जागी उभा म्हणून राहिला नाही. सकाळी मात्र उठता उठायचा नाही. मग ताईची हाक सुरू व्हायची, "ऊऊठ रे भिंगऱ्या." त्यातला ऊ ती लांबवत वर न्यायची आणि भिंगऱ्यावर एकदम खाली सोडायची. वरच्या मजल्यावर माझं घड्याळ तेच होतं. आमचे हे म्हणायचे, वहिनींच्या एका हाकेत तीन घरं उठतात, फक्त ज्याच्यासाठी मारली तो उठत नाही.

दोऱ्यावर वरखाली पळणारी चकती असते ना, तो योयो त्याच्या हाती कधी लागला ते आठवत नाही. मला वाटलं होतं, आठवडाभर खेळेल आणि मग पलंगाखाली धूळ खात पडेल. पण ते वेड काही उतरलं नाही. योयो जोरात खाली फेकला की तो लगेच वर न येता दोऱ्याच्या टोकाला नुसता फिरत राहू शकतो. त्याला ही मंडळी झोपवणं म्हणतात. झोपलेल्या योयोचा बारीक आवाज येतो, गुणगुणल्यासारखा. मग बोटाला हलका झटका दिला की तो उठतो आणि सरसर हातात येतो. भिंगऱ्या त्याला उठवताना आईची नक्कल करायचा. तोच लांबवलेला ऊ, तोच खाली सोडलेला शेवट. स्वतःच्याच नावानं त्या चकतीला हाक मारायचा आणि ती उठायची. ताई आतून ओरडायची, "ती उठते बघ एका हाकेत, तूच तेवढा निर्लज्ज."

दोरा तिचाच असायचा. योयोचा दोरा झिजतो, सारखा बदलावा लागतो, आणि बाजारचा त्याला पसंत पडायचा नाही. पडद्यांच्या कामातला सुती धागा ती घरी आणायची, चार-पाच पदर एकत्र करून खिडकीच्या गजाला बांधायची आणि दुसरं टोक हाताच्या ड्रिलला लावून पीळ देत बसायची. पीळ पुरेसा झाला की मधे धरून दुमडायचं, तो आपोआप स्वतःभोवती वळतो. खोलीभर असे दोरे लोंबत असायचे. मी खाली गेले की एखादा तरी गळ्यात अडकायचा आणि मी तिच्या आणि त्याच्या दोघांच्या नावानं शंख करायची.

लहानपणी एकदा योयो वर आला तो थेट त्याच्या डाव्या भुवईवर. टाके पडले. तेव्हापासून योयो वर येताना तो डोळे मिटायचा. ती भीती होती, दुसरं काही नाही. मोठा झाला, सायकल दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला, हात असा तरबेज झाला की बघत राहावं, पण ती खोड गेली नाही. आणि ती योयोपुरतीही राहिली नाही. दार आपटलं, भांडं पडलं, मी अचानक ओरडले, की आधी डोळे मिटणार आणि जागच्या जागी थिजणार. मी चिडवायची, "अरे, तू डोळे मिटलेस म्हणून मी दिसायची थांबते का?"

मोठ्या रस्त्यावर ट्रकनं हॉर्न दिला तेव्हाही त्यानं तेच केलं. समोरच्या बेकरीवाल्या बाईनं पाहिलं. ती आम्हा दोघींना म्हणाली, दोन पावलं मागे सरला असता तर काही झालं नसतं, पण पोरगा उभा राहिला आणि डोळे मिटून घेतले. हे आम्ही आणखी कुणाला सांगितलं नाही. त्यानंतरचे दिवस मी इथे सांगत बसत नाही. घर शांत झालं, एवढं पुरे.

ताई कामावर जात राहिली. दोरे वळणं मात्र तिनं थांबवलं नाही. रोज थोडे वळायची, गुंडाळून डब्यात ठेवायची. मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, हाताला सवय आहे.  

मग एका संध्याकाळी दारात एक मुलगी उभी राहिली. काळे कपडे, कानात पाच-सहा रिंगा, पाठीवरच्या पिशवीत ड्रमच्या काठ्या खोचलेल्या. "भिंगऱ्याचा दोरा इथेच मिळतो का?" असं तिनं विचारलं. सायकलच्या दुकानात कुणीतरी हाच पत्ता सांगितला होता. ताईच्या हातातला कप तसाच राहिला. मीच विचारलं, "कुठल्या भिंगऱ्याचा?"

"भिंगऱ्या म्हणजे ती ट्रिक हो," मुलगी म्हणाली. "डोळे मिटून उठवायची."

ती एका बँडमध्ये ड्रम वाजवायची. तिनं आम्हाला फोनवर एक व्हिडिओ दाखवला. मागच्या बोळात काढलेला, मागे आमच्याच दोरीवर माझीच चादर वाळत घातलेली. त्याच्या दुकानात येणाऱ्या बिनब्रेकच्या सायकलवाल्यांपैकी कुणीतरी काढला होता. भिंगऱ्या योयो फेकतो, तो झोपतो, पायाखालून, मानेमागून फिरतो, आणि शेवटी भिंगऱ्या डोळे मिटतो, हाक मारतो, आणि योयो हातात येतो. चेहरा इतका शांत दिसतो की कुणालाही वाटावं, हा मुलगा ध्यान लावून बसलाय. तो घाबरलाय हे आम्हा दोघींनाच दिसत होतं.

सायकलवाल्यांनी तो व्हिडिओ एकमेकांना पाठवला होता. त्यांच्यातले काही जण चाकांच्या फळीवर उभं राहून उड्या मारणाऱ्या पोरांमध्ये ऊठबस करायचे, तिथे तो गेला. त्या पोरांच्या कसरतींना संगीत देणारे बँडवाले, तिथे गेला. बँडच्या कार्यक्रमात नाचणारे होते, त्यांच्याकडे गेला. प्रत्येकानं त्यातून आपल्या कामाचं तेवढं उचललं. योयो कुणी नीट शिकलं, कुणी नाही. ड्रमवाली म्हणाली, "आम्ही गाणं सुरू करताना एक-दोन-तीन-चार म्हणत नाही आता. मी 'ऊठ रे भिंगऱ्या' म्हणते आणि सगळे एकदम घुसतात. भारी वाटतं काकू." आणि तिनं म्हणून दाखवलं.

ताईचाच आवाज. ऊ तसाच वर चढलेला, शेवट तसाच सोडलेला. ही मुलगी ताईला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होती.

ताईनं तिला डब्यातले सगळे दोरे दिले. ती गेल्यावर मी म्हटलं, "ताई, तिला सांगायचं होतंस, तो कोण होता ते."

"तिला माहीत आहे की," ताई म्हणाली. "नाव घेते ना ती त्याचं."

पुढच्या काही महिन्यांत घरात वर्दळ सुरू झाली. दार लोटलेलं असायचं आणि आत कुणीतरी बसलेलं. सायकलवाले, नाचणारे, गोंदवणारा एक दाढीवाला, ढोपरं फुटलेली फळीवाली पोरं. सगळे दोऱ्यासाठी यायचे आणि दोरा मिळाल्यावरही बसून राहायचे. ताई पीळ देत असायची आणि ते गजाशी धागा धरून उभे असायचे. त्यांना कळलं होतं की ही त्याची आई. ते तिला काकू म्हणायचे, पण आपसात बोलताना नुसतं "आई" म्हणायचे. मी वरून ऐकायची. मला आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. बाई पुन्हा हसायला लागली होती.

मग दुकानात एक गोष्ट घडली. दुपारी मी औषधं लावत पाठमोरी उभी होते आणि माझ्या मागे ताई बोलली, "ऊऊठ रे भिंगऱ्या." अगदी मानेजवळ. मी म्हटलं, "ताई, तू आत्ता इथे कशी?" आणि वळले. हेल्मेट घातलेला एक मिशीवाला माणूस पट्टीचं पाकीट हातात घेऊन उभा होता. तो लाजला. म्हणाला, "सॉरी हं, सवय लागलीय." मी त्याला सुटे पैसे दोनदा मोजून दिले.

त्यानंतर मला भिंगऱ्या सगळीकडे दिसायला लागला. कुणीतरी त्याच्या चेहऱ्याचं चित्र करून त्याचे स्टिकर छापले होते. नुसत्या चार रेषा, आणि दोन मिटलेले डोळे. विजेच्या खांबावर, बसथांब्याच्या काचेवर, आमच्या दुकानाच्या शटरवर. संध्याकाळी शटर ओढलं की माझा पुतण्या डोळे मिटून माझ्यासमोर उभा. मी नखानं तो खरवडून काढला. दोन दिवसांत तिथे दुसरा चिकटलेला. गोंदवणाऱ्या दाढीवाल्यानं तर लोकांच्या मनगटांवर, मानेवर मिटलेले डोळे गोंदवायला सुरुवात केली होती. बसमध्ये पुढच्या बाईनं केस बाजूला केले की तिच्या मानेवरून तो, मिटल्या डोळ्यांनी, माझ्याकडे तोंड करून.

हे सगळं मी समजून घेतलं असतं. लोक एकमेकांचं बघून काहीही करतात. पण आणखी एक गोष्ट होती आणि ती मला आजही कळलेली नाही. ती पोरं डोळे मिटायच्या आधी डाव्या भुवईवरून बोट फिरवायची. हलकेच, जुन्या जखमेवरून फिरवावं तसं. भिंगऱ्या ते करायचा. घरी, एकटा असताना, विचारात असताना. मी तो व्हिडिओ मागून घेतला आणि पुन्हा पुन्हा पाहिला. त्यात तो भुवईला हात लावतच नाही.

मी ड्रमवालीला विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"हे म्हणजे काय?" तिनं विचारलं. तिचं बोट भुवईवरच होतं.

मी ताईला सांगितलं. मला वाटलं, ती दचकेल. ती पीळ देत होती, ड्रिल थांबलं नाही. "मी कधीच पाहिलंय ते," ती म्हणाली. "काल एकानं चहा फुंकून बशीत ओतला, अगदी तसाच. एक जण जाताना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून उडी मारून गेला. धाकटे, तो थोडा थोडा येतोय गं. एकेकाच्या अंगात थोडा थोडा."

मी हादरले. तिच्या बोलण्यानं नाही, तर मी नाही म्हणू शकले नाही म्हणून. त्या रात्री आमच्या ह्यांनी विचारलं, काय झालं, आणि मी उगाच त्यांच्यावर खेकसले.

पण माझी नोकरी औषधाच्या दुकानातली आहे आणि मी अंगात येणाऱ्यांपेक्षा अंगावर झालेल्या जखमा जास्त ओळखते. फळीवाली पोरं माझ्याकडे आधीपासून यायची. त्यांच्या तळहातांची सालं निघालेली असायची, कोपरं फुटलेली असायची. पडताना माणूस हात पुढे टाकतो, म्हणून. आता ती पोरं येत होती ती हनुवटीला चिंध्या दाबून. कपाळ फुटलेलं, दात हललेले, नाक सुजलेलं, आणि तळहात मात्र कोरे, एक ओरखडा नाही. मी एकाचे हात उलटसुलट करून पाहिले तर तो हसायला लागला. "काय बघताय काकू, भविष्य?"

"हात का नाही टाकलास पुढे?"

"डोळे मिटले होते ना," तो म्हणाला. "भिंगऱ्या करत होतो. फळी घेऊन उताराच्या काठावरून सुटताना डोळे मिटायचे, हाक मारायची, खाली पोचल्यावर उघडायचे."

ह्या पोराला सगळे प्लास्टर म्हणायचे, कारण त्याचा एक ना एक अवयव नेहमी प्लास्टरमध्ये असायचा. वय असेल वीस-बावीस. त्याच्या हनुवटीला मी स्वतः पट्टी लावली, डॉक्टरकडे जा म्हणून दम दिला, आणि दुकानाच्या मालकाला डोकं दुखतंय सांगून तडक घरी आले.

ताई जिन्यावर बसून कापडाच्या गठ्ठ्याची गाठ सोडवत होती. मी उभ्या उभ्याच सुरू केलं.

"ताई, ही पोरं मरणार आहेत. आज हनुवटी आहे, उद्या मान मोडेल. सायकलवाले पण करतात म्हणे, चौकात. बिनब्रेकची सायकल आणि डोळे मिटून. तू त्यांना सांग."

"काय सांगू?"

"खरं ते सांग. ती कला नव्हती, ती भीती होती. त्या खोडीनंच तो गेला. बेकरीवाली सोडली तर तुझ्या-माझ्याशिवाय हे कुणाला माहीत नाही आणि माझं ते ऐकणार नाहीत. हे बंद करा म्हणून मी सांगून पाहिलं, हसले माझ्यावर. तुझं ऐकतील."

ताईनं गाठ सोडवणं थांबवलं.  मग म्हणाली, "सांगितलं की ते थांबतील."

"थांबायलाच हवेत!"

"मग त्याला हाक कोण मारणार?" तिचा आवाज चढला. माझ्याशी ती पहिल्यांदा अशी बोलली. "मी एकटीनं किती मारू? आता शंभर जण मारतात, दोनशे मारतात. जितके जास्त मारतात तितका तो जास्त येतो. तू बघितलंयस स्वतः. भुवईचं तूच सांगितलंस मला. आणखी थोडं राहिलंय, धाकटे. थोडंच राहिलंय."

मला भीती वाटली. भुताखेतांची नाही, माझ्या जावेची. रोज जिच्याबरोबर चहा पिते ती बाई दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघत बसली होती, आणि त्यासाठी दुसऱ्यांची पोरं पणाला लागली तरी तिची हरकत नव्हती. "त्यांनाही आया आहेत," एवढं मी म्हटलं आणि तिला ओलांडून वर गेले. तिनं गाठ पुन्हा हातात घेतली होती.

मग काही दिवस आम्ही बोललो नाही. जिन्यावर समोरासमोर आलो की एक जणी भिंतीला चिकटायची. खालचा आवाज वर यायचाच. ड्रिलची घरघर, पोरांचं हसणं, आणि मधूनच ती हाक, कधी एका गळ्यातून, कधी दहा गळ्यांतून. आमचे हे म्हणाले, आपण काही दिवस दुसरीकडे राहू या का? मी म्हटलं, मी कुठेही जाणार नाही, ती माझी जाऊ आहे.

एका रविवारी सकाळी प्लास्टर वर आला. हनुवटीवर टाके, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. गावाबाहेर पालिकेचा पोहण्याचा जुना तलाव आहे, कित्येक वर्षं कोरडा, तिथे ही पोरं फळ्या चालवतात. तिथे दुपारी सगळे जमणार होते. सायकलवाले, बँडवाले, नाचणारे, दुसऱ्या गावांहून आलेले. सगळ्यांनी एकाच वेळी योयो झोपवायचे, डोळे मिटायचे, आणि एका हाकेवर उठवायचे. त्याच हाकेवर प्लास्टर आणि आणखी आठ-दहा जण तलावाच्या खोल बाजूच्या काठावरून डोळे मिटून खाली सुटणार होते.

"आणि हाक काकू मारणार," तो म्हणाला. "ओरिजिनल. तुम्ही पण या ना."

मी खाली गेले. ताई नीट साडी नेसून तयार बसली होती. इतकी टवटवीत ती कित्येक दिवसांत दिसली नव्हती. "येतेस?" तिनं विचारलं. मी चपला घातल्या. म्हटलं, काही वेडंवाकडं झालं तर निदान पट्ट्या बांधायला तरी कुणी असावं. पर्समध्ये कापूस आणि पट्ट्या कोंबल्या.

तलाव मी पहिल्यांदाच पाहत होते. निळा रंग उडालेला, तळाला भेगा, काठावर खोली दाखवणारे आकडे अजून तसेच. चहूबाजूंनी माणसं उभी होती, आतही, बाहेरही. इतकी माणसं आणि गोंगाट अजिबात नाही. बहुतेकांच्या अंगावर कुठे ना कुठे ते मिटलेले डोळे होते, छातीवर, टोपीवर, दंडावर. ताई चालत आली तशी वाट होत गेली. कुणीतरी तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती, ती बसली नाही. ड्रमवालीनं तिच्या हातात माइक दिला. खोल बाजूच्या काठावर प्लास्टर आणि त्याचे मित्र फळीवर एक पाय ठेवून उभे होते. फळ्यांची निम्मी चाकं काठाबाहेर, हवेत.

कुणीतरी हात वर केला आणि सगळ्यांनी एकदम योयो फेकले.

झोपलेल्या एका योयोचा आवाज मला पाठ होता. शेकडो योयोंचा तेव्हाच ऐकला. तो कानात येत नव्हता, दातांत येत होता. मग सगळ्यांचं एक एक बोट डाव्या भुवईवर गेलं, हळूच फिरलं, आणि सगळ्यांनी डोळे मिटले.  तलावभर एकच चेहरा होता. बाया, बाप्ये, दाढीवाला, रिंगावाली, सगळ्यांवर तोच शांत, मान किंचित उजवीकडे कललेली, ओठ किंचित उघडे. मी त्याला अंघोळ घातली होती लहानपणी, मला तो चेहरा कुणी शिकवायला नको. तो तिथे होता. कुणाला पटो न पटो, मी सांगते, तो तिथे होता आणि हाकेची वाट बघत होता.

ताईनं माइक तोंडाशी नेला. तिच्या गळ्याची शीर उडताना मला दिसत होती. तिनं श्वास आत घेतला, ऊ लांबवायला लागतो तेवढा मोठा. मी डोळे फाडून प्लास्टरच्या पायाकडे बघत होते. त्याच्या हनुवटीवरचे टाके तिथूनही दिसत होते, आणि ताईही तिकडेच बघत होती.

"डोळे उघडा," ताई म्हणाली.

कुणाला कळलं नाही. दोन-चार जणांनी उघडले, बाकीचे तसेच.

"उघडा म्हणते ना डोळे! प्लास्टर, पाय काढ आधी त्या फळीवरून. काढ!" हा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. शाळेला उशीर झाल्यावरचा आवाज होता तो. फळ्या खाली आपटल्या. "आता ऐका. माझा मुलगा घाबरायचा. लहानपणी लागलं होतं त्याला, म्हणून डोळे मिटायचा. ते काही भारी नव्हतं. ट्रक आला तेव्हा पण त्यानं डोळे मिटले, म्हणून तो गेला. बाजूला व्हायला जागा होती. त्याला दिसलीच नाही."

योयोंचा आवाज चालूच होता. हातांना कुणी सांगितलं नव्हतं काय करायचं ते. प्लास्टर काठावर उकिडवा बसला होता, लहान मुलासारखा. त्यानं विचारलं, "काकू, मग हाक? ह्यांना उठवायचं कसं? तुम्ही हाक तरी मारा ना."

ताईनं माइक खाली केला होता, तरी तिचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं.

"नाही रे बाळा," ती म्हणाली. "दवाखान्यात तो तसाच पडून होता, डोळे मिटून. मी उशाशी बसून हाका मारल्या. दिवसभर मारल्या, रात्रभर मारल्या. नर्स म्हणाली, बाई, घसा बसला तुमचा, आता पुरे. ही माझी हाक आहे आणि मी सांगते तुम्हाला, तिनं कुणी उठत नाही."

कुणीच झटका दिला नाही. योयो दोऱ्यांच्या टोकाशी फिरत राहिले, हळू झाले, आणि एकेक करून थांबले. शेवटी एकाचाच आवाज उरला, मग तोही थांबला. सगळ्यांचे डोळे उघडे होते आणि शेकडो वेगवेगळे चेहरे माझ्या जावेकडे बघत होते. तिनं एकेकाकडे नीट पाहून घेतलं. मग माइक ड्रमवालीच्या हातात दिला आणि माझ्या दंडाला धरून म्हणाली, "धाकटे, गेला गं तो."

मी तिला पहिल्यांदा जवळ घेतलं.